नेच्यावरचा तांबेरा

इंग्रजी भाषेंत लोखंडाला खाणाऱ्या पुटाला आणि गव्हाच्या पानावर पडणाऱ्या रोगाला एकच शब्द आहे. मराठीनें ही गल्लत केलेली नाहीं. लोखंडाला चढतो तो गंज आणि पिकावर पडतो तो तांबेरा. ज्या शेतकऱ्याच्या तोंडून हा दुसरा शब्द प्रथम निघाला असेल, त्याला पानावरची ती लालसर भुकटी पाहून घरांतल्या तांब्याच्या भांड्याची आठवण झाली असली पाहिजे. शब्द दोन असल्यामुळें विचारहि स्वच्छ राहतो. गंज हा हवा, पाणी आणि लोखंड यांच्या संयोगाचा निर्जीव परिणाम. त्याला आईबाप नाहींत आणि संततीहि नाहीं. तांबेरा हा जीव आहे. त्याला वंश आहे, कुळ आहे, ठरलेला यजमान आहे. आणि म्हणूनच त्याला नांवहि असावें लागतें.

पिंपरीपासून चाकणपर्यंतच्या ज्या टापूंत आम्ही राहतों, तेथें गंजाशीं माणसाचें रोजचें वैर आहे. रंग, तेल, जस्ताचा मुलामा अशीं नाना आयुधें घेऊन हजारों हात त्याच्याशीं झुंजत असतात. तांबेऱ्याची मात्र येथें सहसा कोणाला आठवण होत नाहीं. १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली, कारखान्यांची रांग पुण्याकडून उत्तरेस सरकत गेली, आणि जेथें पूर्वीं ज्वारीबाजरीचीं शेतें होतीं तेथें आज मोटारींचे सुटे भाग तयार होतात. अशा ठिकाणीं बसून नेच्यावरच्या तांबेऱ्याविषयीं लिहूं लागलेल्या मनुष्यास वाचक हंसले, तर त्यांना दोष देतां येणार नाहीं. परंतु त्यांनीं थोडा धीर धरावा. कारण या विषयाचा पिंपरीशीं जो संबंध आहे, तो वरवर पाहणारास वाटतो तितका दूरचा नाहीं.

तांबेरा म्हणजे बुरशीच्याच कुळांतील एक परोपजीवी वर्ग. त्याच्या सात-आठ हजार जाती आजवर नोंदल्या गेल्या आहेत. शिळ्या भाकरीवरची बुरशी मेलेल्या अन्नावर जगते; तांबेऱ्याला जिवंत वनस्पतीच लागते. त्यांतहि वाटेल ती वनस्पति चालत नाहीं. पिढ्यान्‌पिढ्या ठरलेल्या घरींच तो उतरतो. प्राचीन रोमन लोक पिकावर तांबेरा पडूं नये म्हणून दरवर्षीं २५ एप्रिल रोजीं रोबिगस नामक देवतेला तांबूस रंगाच्या कुत्र्याचा बळी देत असत. देवतेचें समाधान कितपत झालें तें तिलाच ठाऊक. परंतु रोगाचें खरें स्वरूप कळण्यास १८६५ साल उजाडावें लागलें. त्या सुमारास द बारी या जर्मन शास्त्रज्ञानें दाखवून दिलें कीं, गव्हावरचा काळा तांबेरा आणि दारुहळदीच्या जातीच्या एका युरोपीय झुडपावरचे पिवळे फोड हे दोन निराळे रोग नसून एकाच जिवाच्या आयुष्यांतील दोन मुक्काम आहेत. एकाच बुरशीला पांच तऱ्हेचे बीजाणू आणि एकमेकांशीं कांहींहि नातें नसलेले दोन यजमान! आमच्याकडील बहुरूप्यानेंहि तोंडांत बोट घालावें असा हा प्रकार आहे.

हिंदुस्थानांत तर या बहुरूप्यानें आणखी निराळेंच सोंग घेतलें. आग्र्याचे प्राध्यापक करमचंद मेहता यांनीं वर्षानुवर्षें खपून असें दाखविलें कीं, आपल्या देशांत गव्हाच्या रोगाला दारुहळदीची फारशी गरजच पडत नाहीं. मैदानांतला गहू कापला गेला, ऊन तापलें, कीं तांबेरा डोंगरांवरील थंड हवेंत तग धरतो आणि पुढच्या हंगामांत वाऱ्यावर बसून पुन्हां खालीं उतरतो. महाबळेश्वरास गव्हाच्या तांबेऱ्याचें संशोधनकेंद्र आहे, तें कांहीं हवापालटाच्या हौसेनें तेथें नेलेलें नाहीं.

गव्हाच्या तांबेऱ्याची थोरवी पोटाशीं निगडित असल्यामुळें ती सर्वांस पटते. नेच्यावरच्या तांबेऱ्याची गोष्ट वेगळी. नेचा हा आपल्या ओळखीचा आहे. पावसाळ्यांत जुन्या विहिरीच्या चिऱ्यांतून काळ्या तुकतुकीत देठांचा हंसराज डोकावतो तो नेचाच. त्याला फूल नाहीं आणि बीहि नाहीं. बहुतेक नेच्यांच्या पानाच्या पाठीवर तपकिरी ठिपके दिसतात. तेच त्यांच्या बीजाणूंचे पुंजके, तोच त्यांचा प्रपंच. नवशिक्या विद्यार्थ्याची फजिती येथेंच होते. ओळीनें बसलेले ते गंजाच्या रंगाचे ठिपके पाहून तो धांवत येतो आणि तांबेरा सांपडल्याची वर्दी देतो. पण नेच्यावर राहणाऱ्या तांबेऱ्यांच्या प्रमुख घराण्यांपैकीं मायलेसिना आणि युरेडिनॉप्सिस या दोहोंचे नेच्यावरचे बीजाणू अजिबात रंगहीन असतात. उघड्या डोळ्यांना दिसते ती पांढरी, पिठासारखी भुकटी. म्हणजे जें तांबेऱ्यासारखें दिसतें तो तांबेरा नव्हे, आणि जो तांबेरा आहे तो तांबूस नाहीं. नुसत्या दर्शनावर भरंवसा ठेवणारास निसर्गानें याहून चांगला धडा क्वचितच दिला असेल.

कांहीं वर्षांमागें आमच्या वर्गांत एक मुलगा होता. त्याला या नेच्यांचें वेड लागलें होतें. खेड तालुक्याच्या पश्चिमेकडील डोंगरांत त्याचें आजोळ होतें. प्रत्येक पावसाळ्यांत तो वहींत दाबलेलीं पानें घेऊन येई, आणि प्रत्येक वेळीं तो नेच्याचा स्वतःचाच प्रपंच निघे. एके दिवशीं मात्र त्यानें आणलेल्या पानाच्या पाठीवर, तपकिरी ठिपक्यांच्या मधल्या मोकळ्या जागेंत, पांढरे बारीक फोड दिसले. सूक्ष्मदर्शकाखालीं धरतांच लंबगोल, पाण्यासारखे स्वच्छ, अंगभर बारीक कांटे असलेले बीजाणू दृष्टीस पडले. तो कांहीं वेळ बोललाच नाहीं. मग हळूच म्हणाला, "सर, ही नवी जात असेल का?"

'नवी' हा शब्द व्यवहारांत फार स्वस्त झाला आहे. दुकानाच्या प्रत्येक पाटीवर तो सांपडतो. बुरशींच्या शास्त्रांत मात्र त्याच्याइतका महाग शब्द नाहीं. 'ही जात नवी आहे' हें विधान दिसायला होकारार्थी असलें, तरी त्याचें सगळें बळ नकारांत आहे. जुन्यांपैकीं ही कोणतीच नव्हे, असें एकेकीशीं ताडून सिद्ध करावें तेव्हां कोठें तो शब्द उच्चारण्याचा अधिकार येतो. प्रथम नेच्याचें स्वतःचें नांव निश्चित झालें पाहिजे. कारण यजमान चुकला तर पाहुण्याची ओळख पटणें कठीण. त्यानंतर त्या यजमानावर व त्याच्या सोयऱ्याधायऱ्यांवर जगांत आजवर कोणकोणते तांबेरे नोंदले गेले, तें पाहावयाचें. हार्वर्ड विद्यापीठाच्या अर्नल्ड वृक्षोद्यानांतील फॉल या शास्त्रज्ञानें १९३२ आणि १९३८ सालीं नेच्यांवरच्या या दोन घराण्यांवर एकेक प्रबंध लिहिला आणि जगभरचे नमुने गोळा करून त्यांची वंशावळ लावून दिली. ती वंशावळ चाळल्याशिवाय पुढें पाऊल टाकतां येत नाहीं.

मग मोजणी. एक-दोन नव्हे, चांगले पन्नास बीजाणू मोजावयाचे. त्यांची लांबी, रुंदी, सालीची जाडी, एका कांट्यापासून दुसऱ्या कांट्यापर्यंतचें अंतर. हें सर्व मायक्रॉनमध्यें, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत. अशा मोजणीला जनुकांच्या परीक्षेची जोड देऊनच २०१९ सालीं जर्मन शास्त्रज्ञांनीं वुडवर्डिया नामक नेच्यावरची एक मायलेसिना वेगळी काढली आणि यजमानावरूनच तिचें मायलेसिना वुडवर्डियाना असें नांव ठेविलें. ती जात युरोपीय अभ्यासकांच्या नजरेच्या टप्प्यांत होती. तरीहि तिला नांव मिळण्यास एवढा काळ लागला.

एवढ्यानेंहि भागत नाहीं. तांबेऱ्याच्या पांच रूपांपैकीं त्याचें कुळ सांगणारें रूप म्हणजे त्याचा हंगामाच्या अखेरीस येणारा टेलिओबीजाणू. मायलेसिनाचा हा बीजाणू नेच्याच्या सालीच्या पेशींत दडून बसतो आणि शोधणाराची परीक्षा पाहतो. तो न सांपडला तर पूर्वीं त्या बुरशीला 'युरेडो' या कामचलाऊ सदराखालीं टाकीत. धर्मशाळेच्या वहींत 'गांव माहीत नाहीं' असें लिहावें, तसाच तो प्रकार. त्यांतून आमच्या सह्याद्रींत आणखी एक गुंता आहे. थंड प्रदेशांतील नेच्यांचे हे तांबेरे आयुष्याचा अर्धा भाग फर नांवाच्या वृक्षावर काढतात. फर हिमालयांत आहे, सह्याद्रींत नाहीं. मग येथल्या नेच्यावरचा तांबेरा दुसरें घर न करतां एकाच नेच्यावर वर्षानुवर्षें कसा निभावतो? कीं तो डेस्मेलासारख्या उष्ण प्रदेशांतील निराळ्याच घराण्याचा आहे? हा प्रश्न सुटल्याशिवाय बारसें करतां येत नाहीं. आणि बारशाचेहि नियम आहेत. १९३५ सालापासून नव्या बुरशीचें वर्णन लॅटिनमध्येंच द्यावें लागे. २०१२ पासून इंग्रजी चालूं लागली. २०१३ पासून नांवाबरोबर अधिकृत नोंदणीचा क्रमांकहि लागतो. ज्या वाळलेल्या पानावरून वर्णन केलें तें पान एखाद्या मान्य संग्रहांत कायमचें ठेवावें लागतें, म्हणजे शंभर वर्षांनंतर शंका घेणाऱ्यास तें काढून पाहतां येईल. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेंत आजरेकर यांच्या नांवाचा बुरशींचा असा संग्रह आहे. तेथील कागदी पुड्यांत जें जपून ठेविलें आहे, त्याला बाजारांत कवडीहि येणार नाहीं. पण तीं पानें गेलीं तर त्यांच्या आधारानें ठेविलेल्या नांवांचा साक्षीदारच जाईल.

हें सगळें ऐकून त्या मुलाचा उत्साह मावळेल असें आम्हांस वाटलें होतें. तो उलट वाढला, आणि त्यानें पुढील शिक्षणासाठीं बुरशींचाच विषय घेण्याचें ठरविलें. तेव्हां एके रविवारीं त्याचे वडील आमच्याकडे आले. भोसरीच्या एका कारखान्यांत टूलरूममध्यें पंचवीस वर्षें काम केलेले, थोडें बोलणारे गृहस्थ. चहा होईपर्यंत ते गप्प होते. मग म्हणाले, "सर, पोरगा हुशार आहे हे तुम्ही सांगायला नको. पण बुरशीवर दोन वर्षं घालवून पुढं काय? नोकरी कोण देणार? आणि ह्या नेच्याच्या रोगानं कुणाचं बिघडतंय, की तो ओळखला म्हणून कुणाचं भलं होणार?"

आम्हीं त्यांना उपयोगाचीं ठराविक उदाहरणें सांगितलीं. सिंहलद्वीपांत १८६९ सालीं कॉफीच्या पानावर एक अपरिचित तांबेरा आढळला. त्याचे बीजाणू एका बाजूनें गुळगुळीत व दुसऱ्या बाजूनें कांटेरी, म्हणून 'अर्धा गुळगुळीत' या अर्थाचें हेमिलिया असें त्याचें नांव पडलें. तें नांव पडलें तेव्हां ती विद्वानांची करमणूक वाटली असेल. पण पुढील वीसेक वर्षांत त्या तांबेऱ्यानें बेटावरची कॉफीची लागवड धुळीस मिळविली आणि मळेवाले चहाकडे वळले. गृहस्थांनीं हें शांतपणें ऐकून घेतलें व म्हणाले, "कॉफीचं ठीक आहे, सर. आपण नेच्याचं बोलत होतो."

त्यांचें म्हणणें खरें होतें. नेच्याच्या तांबेऱ्यानें आमच्या टापूंत कोणाचें ताट ओढलेलें नाहीं, आणि गव्हाची किंवा कॉफीची पुण्याई उसनी घेऊन त्याचा मोठेपणा सांगणें हा एक प्रकारचा आडमार्गच होता. म्हणून आम्हीं तो नाद सोडला आणि मुलाची वही त्यांच्या पुढ्यांत ठेविली. तींत पन्नास बीजाणूंचीं मापें सुवाच्य अक्षरांत लिहिलेलीं होतीं. तीस मायक्रॉन, बत्तीस, एकतीस, चौतीस. त्यांनीं चष्मा लावला, बोट फिरवीत सगळा रकाना वाचला, आणि पहिल्यानेंच त्यांच्या चेहऱ्यावर ओळखीचा भाव उमटला. "हे यानं मोजलंय?" त्यांनीं विचारलें. "आमच्याकडं दोन मायक्रॉनवर जॉब रिजेक्ट होतो, सर. मायक्रोमीटर हातात स्थिर धरायला मला चार वर्षं लागली." मग वही मिटून म्हणाले, "माप घेता येणारा माणूस उपाशी राहत नाही. शिकू दे त्याला."

आमच्या सगळ्या युक्तिवादांपेक्षां हें उत्तर अधिक सरळ होतें, आणि त्याचा दाखला खुद्द पिंपरींतच आहे. १९५४ सालीं जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्यानें भारत सरकारनें पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा कारखाना स्थापन केला. पेनिसिलिन तयार करणाऱ्या त्या कारखान्याच्या संशोधन विभागाचें प्रमुखपद डॉ. मांडयम जीरसन्निधि तिरुमलाचार यांच्याकडे होतें. हे गृहस्थ मूळचे औषधांचे नव्हत. ते तांबेरा आणि काणी या वनस्पतींवरील बुरशींचे पंडित. डॉ. मुंडकूर यांच्यासमवेत १९४९-५० च्या सुमारास त्यांनीं तांबेऱ्यांच्या प्रजातींवर लेखमाला लिहिली, आणि १९५२ सालीं भारतांतील काणीवरचा त्या दोघांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. पानावरच्या फोडांतून एका बीजाणूचा दुसऱ्याहून असलेला सूक्ष्म भेद टिपण्यांत ज्यांचें तारुण्य गेलें, ते डोळे पिंपरीस आल्यावर मातींतल्या सूक्ष्म जिवांकडे वळले. त्यांनीं वेगळ्या काढलेल्या एका जिवाला आमच्या गांवाचेंच नांव मिळालें: स्ट्रेप्टोमायसीस पिंप्रिना. त्याच्यापासून हॅमायसिन हें बुरशीजन्य रोगांवरचें औषध निघालें. त्याच्या नांवांतील पहिलीं अक्षरें त्या कारखान्याचीं आद्याक्षरें आहेत. पुढें त्याच संशोधनशाळेंतून ऑरिओफंगिन हें पिकांवरच्या बुरशींना मारणारें द्रव्यहि बाहेर पडलें. बुरशी ओळखतां ओळखतां तयार झालेली नजर अखेर बुरशीच्याच औषधास कारण झाली.

यावरून 'नेच्याचा तांबेरा ओळखा म्हणजे औषध सांपडेल' असा हिशेब कोणी मांडूं नये. तिरुमलाचारांनीं तांबेरे पाहिले ते औषधासाठीं नव्हे. तांबेरा काय आहे तें कळावें म्हणून पाहिले. उपयोग मागाहून आला, आणि तोहि भलत्याच दिशेनें आला. तो आला नसता, तरी त्यांचें पूर्वीचें काम तसूभरहि कमी खरें ठरलें नसतें.

शिवाय या विद्येंत कीर्तीचीहि शाश्वति नाहीं. पेनिसिलिनच्या संशोधनाबद्दल १९४५ चें नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्यांपैकीं एर्न्स्ट चेन यांच्या सन्मानार्थ तिरुमलाचारांनीं १९५५ सालीं 'चेनिया' ही नवी प्रजाति जाहीर केली होती. पुढें अधिक बारकाईनें पाहतां ती स्ट्रेप्टोमायसीसहून वेगळी नाहीं असें ठरलें आणि तें नांव मागें पडलें. नेच्यांच्या तांबेऱ्यांविषयींची एक जुनी समजूतहि अशीच गेली. नेचे हे पस्तीस कोटी वर्षांहून अधिक पुरातन, तेव्हां त्यांच्यावरचे तांबेरे हेच सर्व तांबेऱ्यांचे मूळ पुरुष असले पाहिजेत, असें विद्वान मोठ्या विश्वासानें मानीत. गेल्या शतकाच्या अखेरीपासून जनुकांची तुलना होऊं लागली, तेव्हां दिसून आलें कीं नेच्यांवरचे तांबेरे वंशवृक्षाच्या मुळाशीं नाहींत. कॉफीवरच्या हेमिलियाची शाखा त्यांच्याहून जुनी आहे. म्हणजे हा जुन्या वाड्यांत नंतर राहावयास आलेला बिऱ्हाडकरू! इतका मोठा सिद्धान्त उलथला तो देशोदेशींच्या लहानसहान पुड्यांतल्या वाळक्या पानांच्या साक्षीनें. जेथली पुडी नसते, तेथली साक्षहि नसते.

आमच्या टापूची साक्ष त्यांत किती आहे? चाकणच्या पश्चिमेला डोंगर चढूं लागलें, कीं पावसाळ्याचे चार महिने दरडीदरडींतून नेचे उगवलेले दिसतात. त्यांना सावली लागते, ओल लागते आणि कोणी न हलविलेला दगड लागतो. रस्ता रुंद करण्यासाठीं दरड कापली, कीं प्रथम नेचा जातो. आणि नेच्यावांचून ज्याला क्षणभरहि जगतां येत नाहीं तो तांबेराहि त्याच्यामागोमाग जातो. वाघ नाहींसा झाला तर वर्तमानपत्रांत बातमी येते. माळढोकाचे पक्षी मोजले जातात. पण ज्याला नांवच मिळालें नाहीं, त्याच्या मरणाची नोंद कोणत्या वहींत करावयाची? आम्ही कारखान्यांचे शत्रु नाहीं. आमच्या वर्गांतील बहुतेक मुलांच्या घरची चूल त्यांच्यावरच पेटते, आणि त्या टूलरूममधल्या गृहस्थाइतकी मोजमापाची चाड आम्हांस क्वचितच कोठें आढळली आहे. तीच चाड डोंगर कापण्यापूर्वीं त्याच्यावर काय आहे हें पाहण्यांत दाखविली गेली, तर मागणें तेवढेंच आहे.

तो मुलगा आतां पदवी घेऊन संशोधन करीत आहे. दरवर्षीं पाऊस सरतां सरतां तो त्याच डोंगरांत जातो आणि टेलिओबीजाणूंचा शोध करतो. ते अद्यापि सांपडलेले नाहींत. ज्या दरडीवरून त्यानें पहिलें पान आणलें ती गेल्या वर्षीं रस्त्याच्या कामांत कापली गेली. त्यानें आणखी आंत, ओढ्याच्या कडेला, तोच नेचा हुडकून काढला. त्याच्या पानांवर पांढरे फोड होते, पण मोजके. महाविद्यालयाच्या कपाटांत त्या पहिल्या पानाची पुडी ठेविलेली आहे. तिच्यावर यजमानाचें नांव आहे, गांव आहे, तारीख आहे, गोळा करणाऱ्याची सही आहे. बुरशीच्या नांवापुढची जागा त्यानें कोरी सोडली आहे. नवी परीक्षा ओळखीच्या मुलांनीं पाहिली म्हणजे ती भरून टाकण्याचा आग्रह करतात; कोणी विनोदानें त्याचेंच नांव सुचवितात. तो हंसतो, पुडी पुन्हां जागेवर ठेवतो, आणि येत्या आश्विनांत कोण बरोबर येणार तें विचारतो.